पंधरा दिवस गोळी, पंधरा दिवस काढा

माझ्या नवऱ्याचा उजवा डोळा दोनदा ऑपरेशनसाठी बुलढाण्याला गेला आणि दोन्ही वेळा जसा गेला तसा परत आला. डोळ्याची काही चूक नव्हती. मोतीबिंदू पुरता पिकला होता, डॉक्टर तयार होते, मी पिशवीत टॉवेल, तांब्या, बदलायचे कपडे आणि दोन दिवसांच्या भाकरी बांधून नेल्या होत्या. पण आत घेण्याआधी नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला की यांचं ब्लड प्रेशर असं काही चढायचं की डॉक्टर यंत्राकडे बघायचे, मग यांच्याकडे, मग माझ्याकडे. "बाबा, आधी हे खाली आणा, मग डोळ्याचं बघू." दुसऱ्या खेपेला तर त्यांनी सरळ मलाच विचारलं, "गोळ्या रोज देता ना?" मी मान हलवली आणि भाकरीची पिशवी उचलून एसटी स्टँडवर आले. भाकरी आम्ही दोन्ही वेळा स्टँडवरच खाल्ल्या.

डोळा होणं गरजेचं होतं. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर. धाडच्या पुढे आमचं गाव, शेतात मिरची. मिरचीची सगळी मदार पानाच्या उलट्या बाजूला बसणाऱ्या बारीक फुलकिडे हेरण्यावर. ते वेळेत दिसले तर झाड वाचतं, नाही तर चुरडामुरडा होऊन पानं आवळून जातात. ते बघण्यात यांचा हात पंचक्रोशीत कोणी धरत नव्हतं. आता हे पान उलटं करायचे, नाकापाशी न्यायचे आणि मला म्हणायचे, "पाय बरं, हायेत का?" मी नाही म्हटलं तरी विश्वास नाही, हो म्हटलं तरी विश्वास नाही. एकदा बुलढाण्याहून एकटे परतताना मेहकरच्या गाडीत बसले. कंडक्टरने तिकीट काढायला आल्यावर चिखलीला उतरवून दिलं. घरी पोचले ते दिवेलागणीला, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "चिखलीले काम होतं." काय काम होतं ते आजतागायत कळलेलं नाही.

आता माझ्याबद्दल सांगते. मी गावात पस्तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. गरोदर बाया लोहाच्या गोळ्या घेऊन जायच्या आणि उकिरड्यावर फेकायच्या, म्हणून मी त्यांना माझ्यासमोर गिळायला लावायचे. गालात दाबून ठेवणाऱ्या, जिभेखाली लपवणाऱ्या, पदरात थुंकणाऱ्या, सगळ्या जातीच्या लबाड्या मी पकडल्या आहेत. अशा बाईच्या घरात तिचा नवरा दोन वर्षं तिला गुंडाळत होता. याचा मला अजून राग येतो.

पकडले गेले ते एका साध्या गोष्टीने. दुसऱ्यांदा परत आल्यावर मी गोळ्यांचं पाकीट काढून बघितलं. महिन्याची पाकिटं दोन महिने पुरत होती. स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेलं कॅलेंडर घेऊन बसले. त्यावर हे मिरचीच्या फवारणीच्या तारखांना लाल पेनाने गोल करतात, ते मला माहीत होतं. पण लाल गोलांच्या खाली निळ्या पेनाने एक रेघ होती. पंधरा दिवस रेघ, पंधरा दिवस कोरं, परत पंधरा दिवस रेघ. ही असली आखणी आमच्या कुठल्या पिकाची नव्हती.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"माह्यं," हे म्हणाले. लपवालपवी नाही, लाज नाही. उलट मी उशिरा विचारल्यासारखा चेहरा. "अवं, मिरचीवर दर खेपेले एकच फवारा मारला तं काय होते?"

बेचाळीस वर्षं शेतकऱ्याशी संसार केल्यावर याचं उत्तर झोपेतही येतं. "कीड सरावते."

"मंग? बीपी काय येगळा हाये का? पंधरा दिवस गोळी देली, का पंधरा दिवस काढा. त्याले समजलंच नाई पायजे का आता काय येऊन राह्यलं."

मी कपाळाला हात लावला. या माणसाच्या मते बीपी हा नसांमध्ये बसलेला एक किडा होता, आणि तो हुशार होता. त्याला चकवायचं, बेसावध गाठायचं, एकाच मालाची सवय लागू द्यायची नाही. कृषी केंद्रातल्या माणसाने मिरचीसाठी जे सांगितलं होतं ते यांनी इमानदारीने स्वतःला लावलं होतं. मी सांगितलं की बीपीला गोळीची सवय होत नाही, गोळी बंद केली की तो चढतो. हे म्हणाले, "डॉक्टरनं मिरची लावली हाये का कधी?"

काढा कुठून आला ते वेगळं सांगायला नको. मारुतीच्या देवळाजवळच्या ओट्यावर आमच्या गावातले सगळे निवृत्त आणि अर्धनिवृत्त पुरुष सकाळी बसतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला काही ना काही आहे. कोणाला साखर, कोणाला गुडघे, कोणाला पोटात गॅस. एकाने मेथ्या भिजवून पिणं सुरू केलं की आठवड्यात सगळ्यांच्या घरी मेथ्या भिजतात. एक निवृत्त गुरुजी आहेत, ते मोबाइलवर आलेले व्हिडिओ मोठ्या आवाजात लावतात आणि मध्ये थांबवून समजावून सांगतात. अर्जुनाची साल, शेवग्याचा पाला, लसूण आणि चवीला म्हणून की काय, कडुनिंब, असा तो काढा तिथेच ठरला. उकळायला लागला की शेजारीण दार लावून घ्यायची. मी इतके दिवस समजत होते, तो गोळीच्या जोडीला आहे.

मी भांडले. दोन दिवस अबोला धरला. मुलाला पुण्याला फोन केला, त्याने बापाला समजावलं, बापाने हो हो म्हटलं आणि कोऱ्या पंधरवड्यात गोळीला हात लावला नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो डोळा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार पिकू देऊ नका, नंतर काढायला अवघड जातो. असेच सहा महिने गेले असते तर हा माणूस चाचपडत शेताच्या बांधावर गेला असता, आणि मला ते बघवलं नसतं. म्हणून मग मी ते केलं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर धाडहून गोळ्यांचं आणखी एक पाकीट आणलं आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी खोचलं. गोळीचा पंधरवडा असला की हे आपली आपण गोळी घ्यायचे, तेव्हा मी गप्प. काढ्याचा पंधरवडा लागला की मी लसूण ठेचायच्या खलबत्त्यात गोळी चुरायचे आणि काढ्याच्या पेल्यात ढवळून द्यायचे. एका दिवशी दोन पडू नयेत म्हणून त्यांच्याच निळ्या रेघेवर माझं लक्ष असायचं. चवीची भीती नव्हती. त्या काढ्यात डांबर टाकलं असतं तरी कळलं नसतं. हे नाक धरून घटाघट प्यायचे आणि म्हणायचे, "कडू हाये, पण असर करते."

असर झाला. महिना-दीड महिन्यात उपकेंद्रातल्या सिस्टरने पट्टा बांधला, हवा सोडली, परत बांधला आणि म्हणाली, "बाबा, एकदम मस्त आहे की!" मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आणि हे खुर्चीवरून उठले, बाही खाली केली आणि तिथे बसलेल्या चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काढा!"

बुलढाण्याला फोन केला. डॉक्टर म्हणाले, असंच महिनाभर राहू द्या, मग या, तिसऱ्यांदा परत पाठवणार नाही. डोळा आता होणार होता. मला हायसं वाटलं, एवढं की पुढे काय होईल याचा मी विचारच केला नाही.

पुढे हे झालं की यांनी ओट्यावर जाऊन भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात माणसं बाटल्या घेऊन यायला लागली. "वहिनी, थो काढा द्या थोडासा." मी म्हणायचे, "गोळ्या सोडू नका बरं," आणि ते म्हणायचे, "नाई नाई," आणि ज्या आनंदाने बाटली घेऊन जायचे त्यावरून मला कळायचं की आज रात्रीच सोडणार. मी एकेकाला सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे आणि रोज वाटायचं, डोळा होऊन जाऊ दे, मग सांगते. लबाडी माझीच होती आणि ती आता गावभर बाटल्यांतून फिरत होती. मला झोप लागेना.

त्यात आमच्या नणंदबाई आल्या. यांच्या मोठ्या बहीण, धामणगाव बढ्याला राहतात, यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या आणि आवाजाने दहा वर्षांनी. त्यांनाही बीपी. भावाचं प्रेशर उतरल्याचं ऐकून त्यांनी जाताना दोन लिटरची बाटली भरून घेतली आणि साल-पाल्याचं वजनही लिहून घेतलं. "बाई, गोळ्या चालूच ठेवा," मी एसटीच्या खिडकीशी उभी राहून म्हटलं.

"हाव वं, हाव," त्या म्हणाल्या. हा 'हाव' मी घरात दोन वर्षं ऐकत होते.

वीस-बावीस दिवसांनी भाच्याचा फोन आला. बाईंना अंगणात चक्कर आली, उलट्या झाल्या, प्रेशर फार चढलं म्हणून दवाखान्यात ठेवलंय. मी पिशवी भरली आणि पहिल्या गाडीने आम्ही निघालो. वाटेत मी देवाला जेवढे नवस बोलता येतील तेवढे बोलले. बाईंना काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं, आणि कोणी करूही नये.

बाई कॉटवर बसून भाच्याशी भांडत होत्या, म्हणजे बऱ्या होत्या. त्यांनी आम्हाला बघताच सांगून टाकलं की काढा सुरू केला त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या, कारण "दोन-दोन कायले?" आणि आमचे हे, सगळ्या आजारी माणसांपुढे, जाणत्या माणसाच्या थाटात म्हणाले, "बाई, तुले काढा कमी पडला. दोन टाइम घे. साल जास्त टाक."

माझ्याने राहवलं नाही. मी जवळजवळ ओरडलेच, "त्यात गोळी होती!"

बाजूच्या कॉटवरच्या बाईने प्यायला घेतलेली पेज खाली ठेवली.

"कशात?" यांनी विचारलं.

"तुमच्या काढ्यात. दोन महिने झाले. काढ्याच्या दिवसांत मी रोज चुरून टाकत होते."

आणि बाई, ज्यांच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता, हाताला सलाईनची सुई असताना कॉटवर पुढे सरकल्या आणि भडकून म्हणाल्या, "अवं, मंग माह्या बाटलीत काऊन नाई टाकली?"

भाचा हसला, बाजूची बाई हसली, मलाही हसू आणि रडू एकदमच आलं. फक्त हे हसले नाहीत. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले. घरी आल्यावर चप्पल काढता काढता एकच बोलले, "थ्या सिस्टरपुढं म्या छाती काढून उभा राह्यलो. तुले हासू येत असंन तवा." मी नाही म्हटलं. ते खोटं होतं, थोडं आलं होतं. मग म्हणाले, "बेचाळीस वर्षं तुह्या हातचं न पाहता खाल्लं."

भांडले असते तर मी दोन शब्द सुनावले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः ओट्यावर गेले. अंगणवाडीत बाया जमवून बोलायचे तशीच मध्ये उभी राहिले आणि सांगितलं, की काढ्यात गोळी होती, ज्याने ज्याने आपल्या गोळ्या बंद केल्या असतील त्याने आजच डॉक्टरकडे जायचं. गुरुजी म्हणाले, "मला शंका होतीच." एक जण म्हणाला, "मले तं लय फरक पडला होता." त्याच्या बाटलीत नुसता पालाच होता. तरी चौघे जण त्या दिवशी उपकेंद्रात गेले, आणि सिस्टरने नंतर मला जे सुनावलं ते मी मान खाली घालून ऐकलं.

घरात वेगळाच कारभार सुरू झाला. हे माझ्या हातचं काही घेईनात. जेवायचे ते मी खाते त्याच पातेल्यातलं, स्वतः वाढून. चहा स्वतः करायचे. आमच्याकडे साखरेचा आणि मिठाचा डबा एकसारखा. पहिल्या दिवशी यांनी मीठ घातलं, आणि मी समोर बसलेली असताना पूर्ण कप शांतपणे पिऊन टाकला. आणि गोळी! गोळी रोज सकाळी स्वतःच्या हाताने पाकिटातून फोडायची, मला दिसेल अशी तळहातावर ठेवायची, आणि गिळायची. काढा बंद. खाडा बंद. निळी रेघ कॅलेंडरवर सरळ चालत राहिली. माझ्या हातून पोटात एक कण जाऊ नये म्हणून हा माणूस नेमाने औषध घेऊ लागला. एवढी वर्षं समजावून जे झालं नाही ते रुसव्याने झालं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी मोरीत जाऊन रडत होते.

महिन्याने बुलढाण्याला गेलो. नर्सने पट्टा बांधला, प्रेशर चांगलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज?"

"रोज," हे म्हणाले. "माह्या हातानं."

मला वाटलं आता इथेही लपवायचं नाही. मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते माझ्यावरच उखडले. काही गोळ्या अशा असतात की चुरल्या तर एकदम अंगात उतरतात, माणूस कोसळतो. तुमचं नशीब ही तसली नव्हती. न सांगता औषध देणं ही काळजी नाही, असंही म्हणाले. यांचा चेहरा खुलला. मग डॉक्टर यांच्याकडे वळले. साल-पाल्यातही गुण असतात, म्हणूनच ते गोळीबरोबर चालतं की नाही हे आम्हाला बघावं लागतं. दोन वर्षं काढा पिता आणि एका शब्दाने सांगत नाही? शेवगा भाजी म्हणून हवा तेवढा खा, पण गोळीच्या बदली नाही, आणि गोळीला खाडा नाही. यांचा चेहरा उतरला. दोघांना सारखंच मिळाल्यामुळे असेल, बाहेर बाकावर बसताना यांनी पिशवी माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली, यांनी बरोबर मोजली. डोळ्यात घालायच्या औषधाची शिशी आणि चिठ्ठी मिळाली. दिवसातून सहा वेळा, पुढे पुढे कमी करत न्यायचं, किती आणि कधी ते चिठ्ठीवर लिहिलेलं. "कोणाकडून तरी घालून घ्या," डॉक्टर म्हणाले, "स्वतः घालू नका."

घरी आल्यावर यांनी स्वतः घातलं. पहिला थेंब गालावर, दुसरा नाकावर, तिसरा सदऱ्याच्या कॉलरवर. मी चुलीपाशी बसून बघत होते. विचारायची माझी हिंमत नव्हती. चौथा थेंब कानात गेला असावा. मग हे उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि शिशी पुढे केली.

मी हात पदराला पुसले, पण शिशी घ्यायच्या आधीच यांनी ती मागे घेतली. खिशातून चिठ्ठी काढली आणि दारात उजेडात गेले. एका हातात चिठ्ठी, एका हातात शिशी, दोन्ही हात लांब केलेले. चिठ्ठीवरचं एक अक्षर बघायचे, मग शिशीवरचं. परत चिठ्ठी, परत शिशी. इंग्रजी यांना वाचता येत नाही. आकाराला आकार लावून बघत होते. एवढ्या दुरून, एवढी अक्षरं. ते यांना दिसत होतं, आणि ती नवी नजर माझी चोरी तपासायला लागली होती. यांनी बूच काढून वास घेतला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "यात काई टाकलं तं नाई ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "काहीच नाही."

हे खाटेवर उताणे झाले, दोन बोटांनी पापणी वर ओढून धरली आणि तो डोळा माझ्यापुढे उघडा केला. मी वाकले. पहिला थेंब भुवईवर पडला.

हे हलले नाहीत. "टाक," म्हणाले, "दुसरा टाक."